एका कुटुंबाला एकच वायर

ऑपरेटरबाईंना सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी मिळाली, तीही घरबसल्या, आणि मिळाल्या मिळाल्या ती हातची जायची वेळ आली. कारण एवढंच, की घरात इंटरनेट नव्हतं.

त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे ते उगाच नाही. बिस्किटांच्या कारखान्यात त्या एकोणीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसत होत्या. मोठ्या साहेबांना कुणाशी बोलायचंय आणि कुणाशी मेलं तरी बोलायचं नाहीये, हे त्यांना फोन करणाऱ्याच्या पहिल्या "हॅलो"वरून कळायचं. पुढे कारखान्याने बोर्ड भंगारात काढला आणि त्याच महिन्यात बाईंनाही घरी पाठवलं. बोर्डाचे निदान भंगारवाल्याने चार पैसे तरी दिले, असं त्या म्हणत. गल्लीने मात्र नाव तेच ठेवलं.

आताचं काम त्यांच्याच मापाने बेतल्यासारखं होतं. एका मोठ्या दवाखान्याला फोनवरून डॉक्टरांच्या वेळा देणारी माणसं हवी होती. अकरा ते सात घरी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या तक्त्यात रिकामी वेळ शोधायची आणि ती पेशंटला द्यायची. कॉम्प्युटर आणि हेडफोन दवाखान्याचा, रविवारी सुट्टी. बाहेर जाऊन करायच्या दहा नोकऱ्या कुणी दारात आणून ठेवल्या असत्या तरी बाईंना त्यांचा उपयोग नव्हता, कारण नवरा अंथरुणाला खिळलेला. रंगारी होता. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याची बाहेरची भिंत रंगवताना पायाखालची फळी मोडली आणि कमरेखालचं अंग निकामी झालं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. म्हणजे दोन तासांपेक्षा लांब बाई कुठेच जाऊ शकत नव्हत्या. चार वर्षं त्या फॉल-पिको आणि गाद्यांच्या खोळी शिवून घर रेटत होत्या, आणि आता रेटून रेटून थकल्या होत्या.

दवाखान्याच्या मुलाखतीत त्या सगळ्यांत पुढे होत्या. फक्त चाचणीच्या कॉलला मोबाईलच्या नेटने दगा दिला. बाई तिकडे गोड आवाजात वेळ सांगत होत्या आणि पलीकडे नुसती खरखर पोचत होती.

"तुमचा आवाज छान आहे," देखरेख करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पण तो आम्हाला पूर्ण ऐकू यायला हवा ना? वायरचं कनेक्शन घ्या. पुढच्या सोमवारी सुरू करायचं. नसेल जमत तर आत्ताच सांगा, यादीत पुढचं नाव आहे."

"जमेल," बाईंनी ठोकून दिलं. हातात दहा दिवस होते.

पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या नेटवाल्याकडे गेल्या. त्याने सगळ्यात स्वस्त प्लॅन दाखवला, मग डबा लावायचे वेगळे सांगितले, मग वायरीचे, मग अनामत, आणि शेवटी सहा महिन्यांचे आगाऊ. एवढ्यात बाईंचे दोन पगार गेले असते, आणि पहिला अजून यायचा होता. दुसऱ्या दुकानात पहिले तीन महिने निम्म्या दरात होते. "आणि चौथ्या महिन्यापासून?" बाईंनी विचारलं, तर तो माणूस असा पंख्याकडे बघत राहिला जणू उत्तर तिथे लिहिलंय. समोरचा लाँड्रीवाला भला माणूस. त्याने आपला पासवर्ड देऊ केला. पण त्याचं नेट रस्ता ओलांडून जेमतेम बाईंच्या खिडकीपर्यंत यायचं आणि एखादा ट्रक आडवा उभा राहिला की तेही बंद. बाई अर्धा दिवस मोबाईल गजाला टेकवून उभ्या राहिल्या आणि हात टेकून आत आल्या. या सगळ्या फेऱ्या घड्याळाकडे डोळे लावून, दोन तासांच्या आत, धापा टाकत. असे पाच दिवस गेले.

सवलतीच्या योजनेचं लाँड्रीवाल्यानेच सांगितलं. कमी उत्पन्नाच्या घरांना एक कंपनी एक-तृतीयांश दरात कनेक्शन देते, अनामत नाही, डबा फुकट. फक्त सवलतीचं कार्ड दाखवायचं. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, पण माणसाने पासवर्ड दिला होता, त्यामुळे त्या गप्प बसल्या.

कंपनीच्या काउंटरवर पोरसवदा बाई होती. तिने कार्डाचा नंबर टाइप केला आणि मान वर केली.

"तुमचं कनेक्शन चालू आहे की."

"माझं?"

"याच कार्डावर. दीड वर्ष झालं. कुटुंबप्रमुखाच्या नावावर आहे."

कुटुंबप्रमुख म्हणजे थोरली. बाईंच्या कपाळावर आठी चढली ती काउंटरवरच्या बाईलाही दिसली.

थोरली म्हणजे बाईंची थोरली जाऊ. दीर वारल्यापासून खालच्या मजल्यावर एकटी राहायची, मुलगा-सून परदेशात. घर एकच, सासऱ्यांनी बांधलेलं, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. कार्डही एकच, कारण ते वेगळं करायचं म्हणजे तीन महिने खेटे घालायचे, आणि तेवढी सवड कुणाला होती? पण बोलणं बंद होतं. चार वर्षं. रंगारी पडला त्या दिवशी दारात जमलेल्या बायकांसमोर थोरली म्हणाली होती, "घेतली असेल थोडी, नाहीतर असा कसा पडेल?" तिचा नवरा त्यातच गेलेला, तिला दुसरं कारण सुचायचंच नाही. पण रंगाऱ्याने आयुष्यात थेंबाला शिवलेलं नव्हतं. तो शब्द दारातून गल्लीत गेला, गल्लीतून ठेकेदाराच्या कानावर, आणि ठेकेदाराला आयतंच मिळालं. प्यायलेल्या माणसाची जबाबदारी आपल्यावर नाही, म्हणून त्याने हात झटकले. नुकसानभरपाई म्हणून एक दमडी दिली नाही. बाईंनी त्या आठवड्यात स्वयंपाक वेगळा केला आणि तोंड बंद केलं.

तोंड बंद केलं तरी एका घरात देवाणघेवाण व्हायचीच. त्यासाठी जिन्याची सातवी पायरी ठरून गेली होती. कुणी ठरवली असं नाही. लाइटचं बिल, चुकून खाली पडलेला टॉवेल, पोस्टाने आलेलं पत्र, जे काय द्यायचं ते सातव्या पायरीवर ठेवायचं, कठड्यावर दोनदा टकटक करायची आणि आपल्या दारात शिरायचं. बाई सातवीच्या खाली थांबत नसत, सरळ रस्त्यावर जात. थोरली सातवीच्या वर कधी आली नाही.

"पण आमची चूल वेगळी आहे," बाई काउंटरवर म्हणाल्या. "चार वर्षं झाली."

"मग हरकत नाही. नियम असा आहे, की एका कुटुंबाला एकच वायर. आणि एकत्र जेवतात ते कुटुंब. चौकशीचा अर्ज करा. आमचे साहेब येऊन दोन्ही स्वयंपाकघरं बघतील. वेगळी दिसली की दुसऱ्या दिवशी वायर."

बाईंनी तिथल्या तिथे अर्ज भरला. चौकशी शुक्रवारी ठरली. घरी येताना त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या भांडणाचा काही उपयोग झाला असं वाटलं.

आणि नेमकी अर्ज भरला त्याच दिवशी थोरली आजारी पडली.

कुणी सांगितलं नाही, पण सांगायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं कानावर पोट भरलेली बाई. सकाळी खालून भांड्यांचा आवाज आला नाही, नळ वाजला नाही, नुसता खोकला. दुपारी खोकलाही खोल गेला. संध्याकाळी बाईंनी मऊ भात कालवला, ताटावर ताट झाकलं, सातव्या पायरीवर ठेवून टकटक केली. बऱ्याच वेळाने दार वाजलं, पावलं फरफटत आली, ताट गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज, दुपारी भात, आणि ताटाशेजारी तापाच्या दोन गोळ्या. ही माणुसकी वगैरे काही नाही, असं बाईंनी स्वतःला बजावलं. खाली कुणाचं बरंवाईट झालं तर चौकशी लांबेल आणि सोमवार हुकेल, एवढंच. रंगारी अंथरुणातून सगळं बघत होता. "उद्या मीठ कमी घाल," तो म्हणाला, "वहिनींना अळणी लागतं." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, बगलेत फाईल, जिना चढून दम लागलेला. वर त्यांनी गॅस पाहिला, सिलिंडर पाहिलं, डबे उघडून पाहिले, पाण्याचं पिंप पाहिलं. "वेगळं आहे," म्हणाले आणि खूण केली. मग साहेब खाली गेले. बाई त्यांच्या मागोमाग सातव्या पायरीपर्यंत आल्या आणि सवयीने थांबल्या.

खालचं दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं.

"गॅस थंड दिसतोय, बाई. आज स्वयंपाक नाही?"

"तीन दिवस नाही. अंगात ताप आहे माझ्या."

"मग जेवता कुठे?"

थोरलीला चौकशी कसली ते माहीत नव्हतं. माणूस फाईल घेऊन आलाय, कार्ड मागतोय, एवढंच तिला दिसलं. शेजारच्या घरातून मागच्या वर्षी असाच एक माणूस दोन नावं कापून गेला होता. तिने ओळखलं, की हा वरच्यांची नावं कार्डावरून उडवायला आलाय. आणि ती तापातही ताठ उभी राहिली.

"हे ताट बघा. वरून येतं. तिच्याच हातचं खातेय मी. एकच कुटुंब आहे आमचं, लिहून घ्या."

"पण त्या तर म्हणतात, चार वर्षं बोलणं नाही."

"मग? परक्याशी कोण चार वर्षं अबोला धरतं? वर अंथरुणावर माणूस आहे, साहेब. त्यांची नावं कमी केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

साहेबांनी लिहून घेतलं. बाई तरातरा उरलेल्या पायऱ्या उतरल्या, चार वर्षांत पहिल्यांदा थोरलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"साहेब, त्या आजारी होत्या म्हणून दिलं! एरवी वेगळंच असतं."

"ताट तुमचंच ना?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. पण ताट समोर होतं आणि त्यात अर्धी खाल्लेली पेज होती. "माझंच," बाई म्हणाल्या.

"माझ्या फॉर्मात 'आजारी असल्यास' असा रकाना नाही हो," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "कुटुंब एकच. दुसरं कनेक्शन मिळणार नाही. मात्र आहे ते कनेक्शन साऱ्या कुटुंबाचं असतं. प्रमुखांनी सही दिली तर उद्या आमचा माणूस डबा वरच्या मजल्यावर बसवून देईल. त्याला पैसे नाहीत." त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला आणि पाणीही न पिता निघून गेले.

खोलीत दोघी राहिल्या. बाईंचा संताप अनावर झाला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. हिच्या एका शब्दाने चार वर्षांपूर्वी भरपाई बुडाली, आज एका शब्दाने नोकरी. आणि आजचा शब्द तर हिने आपल्याच बाजूने टाकला होता.

"कसलं कनेक्शन?" थोरलीने विचारलं. कुणाकडेही न बघता.

बाईंना गिळावं की थुंकावं कळेना. पण सोमवार काही थांबणार नव्हता. त्यांनी बोर्डावर बसल्यासारखा आवाज सरळ केला आणि सगळं सांगितलं. दवाखाना, पगार, मॅडम, यादीतलं पुढचं नाव. "मला तुमचं नेट हवंय, जाऊबाई," त्यांनी शेवट केला. "अकरा ते सात. जे काय पैसे होतील त्यातले निम्मे मी देईन."

थोरली कॉटवर बसली.

"वायर लावली तेव्हा तो माणूस सांगून गेला होता," ती म्हणाली. "सवलतीची लाइन बारीक असते, एका वेळी एकच काम करा. दोन केलीत तर दोन्ही अडकतील."

"हो."

"चार वाजता मला नात दिसते. लेकाकडे तेव्हा सकाळ असते. मग सून तिला पाळणाघरात सोडते, ती थेट झोपायलाच घरी. अडीच वर्षांची आहे. अजून मांडीवर घेतलेली नाही मी. आत्ता बोलायला लागलीये. रोज एक नवा शब्द."

बाईंना हे माहीत नव्हतं. खालच्या नेटवर थोरली मालिका बघत असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. आता मागे फिरावं असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वर नवरा होता, गाद्यांच्या खोळी होत्या, आणि नको म्हणायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या. लाज वाटली, तरी उभ्या राहिल्या.

"रविवारी तुला सुट्टी ना?" थोरलीने विचारलं. "मग रविवारी बघेन." तिने कागद ओढला आणि सही केली. ताप होता, अक्षर वाकडं आलं. "आणि चारला भावजींची कूस असते. मला खाली पावलं कळतात तुझी. तू फोनवर असलीस तर कोण उठणार?"

"दोन कॉलच्या मध्ये करीन."

"आणि कॉल लांबला तर? मी येईन. नाहीतरी चारला मला दुसरं काय असणार आहे?"

बाई कागद घेऊन वर गेल्या. शनिवारी कंपनीचा माणूस आला, जिन्याच्या कडेने वायर वर नेली, डबा बसवला. हिरवा दिवा लागला तेव्हा रंगाऱ्याने अंथरुणातूनच टाळी वाजवली.

सोमवारी अकराला बाई बोर्डावर, म्हणजे टेबलावर बसल्या. पहिल्या दिवशी मॅडम मधूनमधून लाइनवर ऐकत असणार होत्या. नियम कडक होते. घरातला आवाज पेशंटला जाता कामा नये, आणि पेशंटला ताटकळत ठेवायचं नाही. चूक झाली की नोंद, पहिल्या महिन्यात तीन नोंदी झाल्या की नारळ. दुपारपर्यंत बाईंच्या एकतीस वेळा देऊन झाल्या होत्या आणि नोंद एकही नव्हती. आवाज जुन्या वळणावर आला होता. त्या मनातून इतक्या खूश होत्या की जेवायचं विसरल्या.

चार वाजता एका आजोबांचा फोन आला. बायकोचे डोळे दाखवायचे होते. फाईलचा नंबर चष्म्याशिवाय वाचता येईना आणि चष्मा सापडेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "सावकाश शोधा, आजोबा, मी आहे." तेवढ्यात मागे दार वाजलं. थोरली आली होती. बाईंनी वळून पाहिलं नाही. पाठीमागे चादर सरकली, कॉट करकरली, थोरलीचा दमलेला श्वास ऐकू आला. आणि मग तिचा आवाज.

"भावजी, एक सांगायचंय. ती फळी मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहून आले होते. कुजलेली होती. मधोमध."

बाईंचं बोट आपोआप आवाज बंद करायच्या बटणावर गेलं. आता आजोबांना काही ऐकू जाणार नव्हतं. बाईंना मात्र मागचं सगळं ऐकू येत होतं.

"तोंडातून शब्द गेला होता," थोरली म्हणत होती. "परत घ्यायला जीभ उचलली नाही. आज घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता चार वर्षं गेली."

"मला काय सांगता, वहिनी," रंगारी म्हणाला. "त्या फळीवर मीच उभा होतो."

हेडफोनमध्ये आजोबा "हॅलो, हॅलो" करत होते. पडद्यावर मॅडमची ओळ उमटली: आवाज का बंद आहे? बाईंनी डोळे पुसले, घसा साफ केला, बटण दाबलं. "माफ करा, आजोबा. मिळाला का नंबर?" मिळाला होता. गुरुवारी सव्वाअकराची वेळ दिली, नाव दोनदा वाचून दाखवलं, येताना जुना चष्मा आणायला सांगितलं. फोन ठेवताच पडद्यावर नोंद पडली. एक.

बाईंनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि खुर्ची फिरवली. थोरली रंगाऱ्याच्या पाठीला उशी लावत होती. उशी चुकीच्या जागी होती, पण बाईंनी ते सांगितलं नाही.

"हेच ठेकेदारासमोर बोलाल?"

थोरलीने उशी सोडली. "बोलेन. लेखी हवं असेल तर लेखी देईन. कधी जायचं?"

"मला सुट्टी रविवारचीच आहे."

थोरलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. मग तिने मान हलवली.

"सकाळी लवकर निघू, कूस बदलायला लाँड्रीवाल्याला सांगून ठेवू," ती म्हणाली. "पण चारच्या आत मला घरी सोड."